बाबा छत्तीस वेळा पडले

अकरा जानेवारीला आमच्या घरात काही शब्दांना बंदी असते. तोडणं, फोडणं, मोडणं, कापणं. नव्या वर्षाची मोची, म्हणजे कुटलेल्या चिकट भाताचा गोळा, देवापुढे बसून बसून दगडासारखी होते, तिला भेगा पडतात, आणि त्या दिवशी आजोबा लाकडी हातोडीने तिचे तुकडे करतात. पण म्हणायचं 'मोची उघडली'. मी पाच वर्षांची असताना सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले होते, "आजोबा, फोडा ना लवकर," तर चिगुसाताईने माझ्या तोंडावर जो हात ठेवला तो मी निळी पडेपर्यंत काढला नाही. ती तेव्हा चौदाची होती. तिची पकड तेव्हाही कोणाला सुटत नसे.

यंदा घरात जे चाललं होतं त्याबद्दल बोलायला नेमके हेच शब्द लागले असते. म्हणून कोणी बोलत नव्हतं. निदान दुपारपर्यंत.

सकाळी आठला मी आमच्या ज्युदोच्या आखाड्यातल्या ततामी, म्हणजे गवती चटया, पुसत होते. पाणी इतकं गार की बोटं बीटासारखी झाली होती, आणि मी गात होते. खरं सांगायचं तर एकवीस डिसेंबरपासून मी गातच होते. शाळेत जाताना, गणिताचा पेपर कोरा देताना, अंघोळीच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसून. कारण त्या संध्याकाळी मी ताईला पाडलं होतं. एतो चिगुसा, तीन वेळा राष्ट्रविजेती, गेल्या वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य, जिची पाठ आमच्या याचुशिरो गावात गेल्या दोन वर्षांत कोणी ततामीला टेकलेली पाहिली नव्हती, तिला मी, इबुकी, अकरावीतली, माझी मांडी तिच्या दोन मांड्यांमध्ये घालून वर उचललं आणि स्वच्छ पाठीवर टाकलं. पूर्ण इप्पोन, एका फेकीत लढत संपवणारा गुण. बाबांचा हात पंच असल्यासारखा सरळ आभाळाकडे गेला. पोरं पाय आपटायला लागली. मी तिथेच नाचले.

पडताना हाताने ततामीवर सपकन मारायचं असतं, म्हणजे धक्का हातातून निघून जातो. आमच्याकडे पहिले सहा महिने दुसरं काही शिकवतच नाहीत. ताईच्या हाताचा आवाज आला नव्हता. आवाज एकच आला, जाडसर. पण तो मला आठवला नंतर. त्या वेळी मी ताईकडे पाहिलंच नाही, मी पाहिलं घड्याळाकडे. चार मिनिटांची लढत लावली होती, दोन चौदा शिल्लक होते. म्हणजे चॅम्पियनला मी दोन मिनिटांच्या आत लोळवलं होतं. घड्याळ थांबवायचं कोणालाच सुचलं नाही. ताईने डोळे उघडले तेव्हा मी पुन्हा वर पाहिलं. तो दुसरा आकडा मी कोणाला सांगितला नव्हता.

दुसऱ्या कुठल्याही घरात मुलगी डोकं आपटून निपचित पडली तर लोक फोनकडे धावतील. आमच्याकडे बेशुद्ध पडणं म्हणजे शिंक येण्यासारखं. गळा आवळल्यावर माणूस झोपतो, मग आजोबा त्याला बसवतात, पाठीत गुडघा लावतात, खांदे मागे खेचतात आणि एक हुंकार देतात. माणूस जागा होतो आणि ओशाळून हसतो. पन्नास वर्षांत आजोबांनी शेकडो जणांना असं उठवलंय. तसंच त्यांनी ताईला उठवलं. तिचा गळा कोणी आवळलेला नव्हता, एवढाच फरक होता आणि तो आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आला नाही. "कोणी पाडलं मला?" असं तिने विचारलं तर सगळे खो-खो हसले. आम्हाला तो टोमणा वाटला. आईने त्या रात्री लाल चवळीचा भात केला, शुभकार्याला करतात तो. ताईने दोन घास खाल्ले आणि मागच्या दारी जाऊन ओकली.

"वजन उतरवतेय ना," आई म्हणाली. "पोटाला सवय नाही राहिली."

आणि घरात ठरून गेलं की चिगुसा दहाएक सेकंद झोपली होती. मीही तेच सांगत फिरले. दहा सेकंद ऐकायला बरं वाटतं, त्याने माझ्या इप्पोनला डाग लागत नाही.

तर अकरा जानेवारी. आत्या कुमामोतो शहरातून साडेआठलाच येऊन थडकली. ती तिथल्या एका शाळेत आजारी पोरांच्या खोलीत नर्स आहे. दिवसभर कोणाचं पोट दुखतंय, कोण परीक्षेसाठी ढोंग करतंय हे ओळखणं हाच तिचा धंदा, त्यामुळे तिच्यासमोर आमच्या घरातलं कोणीही जास्त वेळ उभं राहत नाही.

"तूच का ती, चॅम्पियनला पाडणारी?" तिने माझा दंड चाचपला. "हात तर गवताच्या काड्या."

"तंत्र, आत्या. ताकदीचा काय संबंध."

"जिभेत आलीय सगळी ताकद." मग ती चुलीकडे वळली, जिथे आई चवळीचं गोड कढण ढवळत होती. "काय गं सातोए, चिगुसा कशी आहे?"

"बरी आहे अक्का. एप्रिलची राष्ट्रीय संघाची निवड तोंडावर आहे, जरा चिडचिडते."

तेवढ्यात ताई आली, पांढऱ्या पोशाखात, केस घट्ट बांधलेले, सुंदर दिसत होती. "अगं आत्या, कधी आलीस? रस्त्यावर बर्फ नव्हता ना?"

"नाही गं, कोरडा होता."

ताईने कढणाचा वास घेतला, आईच्या पाठीवर थोपटलं, देवासाठी संत्रं उचललं, दारापर्यंत गेली आणि वळली. "अगं आत्या. कधी आलीस? रस्त्यावर बर्फ नव्हता ना?"

आईचा डाव जोरजोरात फिरायला लागला. आत्याने आधी ताईकडे पाहिलं, मग आईच्या पाठीकडे बराच वेळ.

"नाही गं," ती म्हणाली. "कोरडा होता."

देवापुढे जायच्या आधी हात धुवायचे असतात. विहिरीपाशी ताईच्या हातावर पाणी घालायचं काम माझं. तिने डावी मूठ उघडली तर तळव्यावर शाईने पाच शब्द लिहिलेले: हात, कंबर, पाय, पाठ, कूस. आजच्या कताचे पाच गट. कता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायचे पंधरा डाव, प्रत्येक गटात तीन. ताई सात वर्षांची असल्यापासून दर अकरा जानेवारीला बाबांबरोबर तो करते. तिला तो झोपेतही यायचा. आम्ही एका खोलीत झोपायचो, मी पाहिलंय.

माझी पळी हवेत थांबली.

"घाल पाणी," ताई म्हणाली. "काय बघतेस?"

"ताई, तुझं डोकं..."

"एप्रिलपर्यंत, इबुकी. निवड झाली की मी स्वतः डॉक्टरकडे जाईन, शपथ. आत्ता कागदावर काही आलं तर मला बसवतील. मी पंचवीसची आहे. चार वर्षांनी कोण उभं करणार मला, तू तर तोवर मलाच खाशील." ती हसली आणि ओल्या बोटाने तिने माझ्या नाकावर टिचकी मारली. "घाल."

मी पाणी घातलं. शाई पातळ होऊन तिच्या मनगटावरून खाली गेली. 

कता सुरू झाला तेव्हा आखाड्यात ऐंशी माणसं मांडी घालून बसली होती आणि त्यांच्या श्वासांची वाफ दिसत होती. समोर आजोबा, एकोणऐंशी वर्षांचे, कमरेला लाल-पांढरा पट्टा, पाठ अशी ताठ की भिंतीने त्यांच्याकडे बघून शिकावं. आखाड्यात कता बिनआवाजी असतो. टाकणारा आणि पडणारा एकमेकांशी बोलत नाहीत, हूं की चूं करत नाहीत. ताई टाकणार, बाबा पडणार. पंधरा डाव, प्रत्येक एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. तीस वेळा पडणं. बाबा त्रेपन्न वर्षांचे आहेत आणि पडण्यात त्यांच्याइतका देखणा माणूस मी पाहिलेला नाही.

हातांचे डाव झाले. कमरेचे झाले. पायांचे झाले. प्रत्येक गटानंतर दोघं आपापल्या टोकाला जाऊन पोशाख सारखा करतात आणि पुन्हा मधे येतात. पुढचं बाबांनी मला फार नंतर सांगितलं, गाडी चालवताना, रस्त्यावरची नजर न हलवता. ते म्हणाले, चौथ्या गटात ती मला आधी मागे रेटते. आम्ही पकड घेतली आणि मी रेटा यायची वाट बघत होतो. तो आलाच नाही. तिने मला बाजूला ओढलं. एक पाऊल, दुसरं पाऊल. मला कळलं, ती पायांच्या डावांवर परत आलीय. तिला वाटतंय ते अजून झालेच नाहीत.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं होतं.

"दोन पावलांत काय करणार? थांबलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं. तिलाही." सिग्नल हिरवा झाला तरी ते निघाले नव्हते. "म्हणून पडलो."

बाबा पडले. हाताचा सपकन आवाज आला, तसाच देखणा. उठले, डावीकडून पडले. पायांचे तिन्ही डाव त्यांनी पुन्हा झेलले, सहा वेळा, चेहऱ्यावर रेघ न हलवता, जणू हा कता पिढ्यान्‌पिढ्या असाच आहे. मग ताई टोकाला गेली, पट्टा सारखा केला, आणि पाठीचे डाव बरोबर सुरू झाले.

महापौर कौतुकाने मान हलवत होते. मागच्या रांगेतले म्हातारे ज्युदोवाले मात्र एकदम आपापल्या गुडघ्यांकडे बघायला लागले. आत्या माझ्या शेजारी होती. ती मांडीवर बोटं मोडत मोजत होती आणि तिसाला ती थांबली नाही. शेवटचा डाव झाल्यावर तिने माझ्या कानात सांगितलं, "छत्तीस." तिचा आवाज एखाद्या पोराचा ताप सांगावा तसा होता.

टाळ्या पडल्या. ताई घामेजलेली, लाल गालांची, माझ्याजवळ येऊन बसली आणि कुजबुजली, "या वेळी एकदम सरळ झाला ना? कुठेच अडकले नाही."

"एकदम," मी म्हणाले.

आजोबांनी हातोडी उचलली. मोचीवर धरली. ऐंशी माणसं वाट बघत होती. त्यांचा हात खाली येईना. शेवटी त्यांनी हातोडी उलटी करून दांडा बाबांकडे केला आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरची मोची दुसऱ्या कोणीतरी उघडली.

पाहुण्यांना कढणाचे वाडगे वाटून झाल्यावर आम्ही मागच्या खोलीत जमलो. कोणी बोलावलं नव्हतं, एकेक करत सगळेच आले आणि रजईखालच्या शेगडीत पाय घालून बसले. पलीकडून वाडग्यांचा, हसण्याचा आवाज येत होता. आत्या बसली नाही.

"गाडी दारात आहे. चिगुसा, कोट घाल."

"पाहुणे बसलेत अक्का," बाबा म्हणाले.

"बसू देत. त्यांना मोची पुरेल. तेत्सु, तू किती वेळा पडलास?"

बाबा पट्ट्याची गाठ सारखी करायला लागले.

"मी तुझी मोठी बहीण आहे. ज्या काळात मुलींना स्पर्धेत कोणी घेत नव्हतं त्या काळात तुझ्याआधी मी हा कता पाठ केलाय. किती वेळा?"

"चुकलो असेन मी."

"तू चुकलास? तू चुकून सहा वेळा पडलास?"

"उपाशी आहे ती," आई मधे पडली. "तीन किलो उतरवलेत. उपाशीपोटी माणूस नावं विसरतं, अक्का. मी तिला आज नीट जेवायला घालते."

"मी इथेच बसलेय," ताई म्हणाली. "मी वारल्यासारखं बोलू नका. काय झालं कतात?"

 तिने बाबांकडे पाहिलं. "सेन्सेई?"

आखाड्यात ते सेन्सेई, म्हणजे गुरुजी; घरात बाबा. ही मागची खोली घरात मोडते. ताईने त्यांना इथे सेन्सेई म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. बाबांनी रजईचं टोक धरलं आणि घडी घालायला लागले.

"पायांचे डाव दोनदा झाले," ते म्हणाले.

ताईचा चेहरा पांढरा पडला. मग तिने खांदे उडवले. "बरं. दोनदा झाले. स्पर्धेत कता नसतो. स्पर्धेत समोर माणूस असतो, आणि माझ्या हातांना कळतं काय करायचं ते. आत्या, मला आयुष्यात हे एकच येतं. भात लावला तर करपतो. फोनवर मी माणसांशी दोन वाक्यं बोलू शकत नाही. एप्रिलमध्ये चार लढती आहेत. चार. त्यानंतर मला पोत्यात घालून न्या हवं तर."

"त्यानंतर पोत्यातच न्यावं लागेल," आत्या म्हणाली.

"अक्का," बाबांचा आवाज चढला. "नोव्हेंबरात परदेशात पडली होती तेव्हाही चार दिवस डोकं दुखलं, मग बरी झाली. डॉक्टर काय करणार? विश्रांती लिहून देणार. तीन महिने. तीन महिन्यांनी एप्रिल संपलेला असेल."

"म्हणजे नोव्हेंबरातही आपटली होती."

बाबांच्या लक्षात आलं आपण काय बोलून बसलो ते. आईच्याही. तिला नोव्हेंबरचं माहीत नव्हतं. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की मी शेगडीतून पाय काढून घेतले.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू काळजी करत बसली असतीस."

"बसले असते. तेच तर माझं काम आहे." आईने हातातला फडका खाली ठेवला आणि पहिल्यांदाच आत्याच्या बाजूला सरकली, अगदी खरोखर, गुडघ्यांवर एक वीतभर. "अक्का, परवा सकाळी तिने मला विचारलं, आजी दिसत नाही, कुठे गेली."

आजीला जाऊन चार वर्षं झाली. आजीच्या अस्थी ताईनेच काड्यांनी उचलून कुंभात ठेवल्या होत्या.

"मी म्हटलं, देवळात गेलीय. येईल." आई रडत नव्हती, नुसती बोलत होती. "वजनामुळे असेल म्हटलं. असं कसं म्हटलं मी?"

"मी असं विचारलं?" ताई म्हणाली.  "आई, मी खरंच असं विचारलं?"

बाबा आजोबांकडे वळले. शेवटचा आधार म्हणून वळले, ते त्यांचे वडील होते आणि सेन्सेईसुद्धा. "आप्पा, तुम्ही सांगा. तुम्ही उठवलंत तिला त्या दिवशी."

आजोबा तेवढा वेळ आपल्या हातांकडे बघत होते. "लगेच उठली," ते म्हणाले. "दहा सेकंद. माझ्या तरुणपणी अशी माणसं दिवसाला दोनदा..."

"तुमच्या तरुणपणातली निम्मी माणसं आज स्वतःच्या घराचा रस्ता विसरलीत, आप्पा. मी त्यांच्या बायकांना भेटते." आत्या आता खाली बसली, अगदी आजोबांसमोर. "त्या गवती ततामीही तुम्ही बदलू दिल्या नाहीत. सगळीकडे मऊ गाद्या आल्या, तुम्ही म्हणालात, आमच्या बापाने हे गवत पिकवलं, आम्ही प्लास्टिकवर पडणार नाही. ठीक. दहा सेकंद. दहा सेकंद कोणी मोजले?"

"दहाच होते," बाबा म्हणाले. "फार तर पंधरा."

"कोणी मोजले?"

आजोबांनी मान वर केली आणि ती माझ्याकडे वळवली. ते माझ्याशी आठवड्यातून तीनेक वाक्यं बोलतात, त्यातली दोन 'पाठ सरळ' असतात. "इबुकी. तू सगळ्यात जवळ होतीस."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताईनेही. तिच्या मनगटावर शाईचा निळा ओघळ अजून होता. तिने मान इतकी हलकेच हलवली की ती फक्त मला दिसली. एप्रिलपर्यंत.

मला वाटायचं, धीट झालेय मी आता. तीन आठवडे सगळ्यांना तेच सांगत होते. वर्गात हात वर करायला लागले होते, दुकानदाराशी भांडायला लागले होते. आणि आता मी रजईत हात लपवून बसले होते. एक आकडा सांगायचा होता फक्त.

"ब्याऐंशी," मी म्हणाले.

"काय ब्याऐंशी?"

"ब्याऐंशी सेकंद. मी पाडलं तेव्हा घड्याळात दोन चौदा होते. ताईने डोळे उघडले तेव्हा बावन्न सेकंद."

पलीकडच्या खोलीत कोणीतरी गाणं सुरू केलं होतं आणि लोक ठेका धरत होते.

"तू घड्याळ का बघितलंस?" बाबांनी विचारलं. रागाने नाही, खरंच कळेना म्हणून.

"बघायचं होतं, मी किती वेळात जिंकले ते."

बाबांनी डोळे मिटले. आईचा हात माझ्याकडे यायला निघाला आणि अर्ध्यावर थांबला, तो तिथेच राहिला. मला ताईची भीती वाटत होती. ती उठून मला थोबाडीत मारेल, किंवा कधीच बोलणार नाही, असं काहीतरी. तिच्याकडे बघायला मला बराच वेळ लागला.

ती माझ्याकडे कुतूहलाने बघत होती.

"कोण जिंकलं?" तिने विचारलं. "कोणाला पाडलंस तू?"

मी तिला निदान शंभर वेळा सांगितलं होतं. तिनेच मला सांगितलं होतं, तुझं कोपर जरा वर हवं होतं, बाकी अव्वल. तिनेच माझी पाठ थोपटली होती. ते कुठेच नव्हतं.

आजोबा उठले. त्यांचे गुडघे कुरकुरले. खुंटीवरचा ताईचा कोट त्यांनी काढला, तिच्यामागे जाऊन बसले, तिला उठवायला बसले होते तसेच, आणि कोट तिच्या खांद्यांवर घातला. मग ते आमच्याकडे न बघता म्हणाले, "आज या घरात मोडलंय. उघडलेलं नाही. मोडलंय. आणि माझ्या हातांनी."

अकरा जानेवारीला तो शब्द आमच्या घरात कोणीच उच्चारलेला नव्हता. कोणी त्यांना थांबवलं नाही.

इस्पितळातला डॉक्टर तरुण होता, चष्म्यातून नीट आमच्याकडे बघणारा. त्याने पडद्यावर ताईच्या डोक्याची चित्रं दाखवली. कवटीच्या आतून एक बारीक पट्टी, चंद्रकोरीसारखी. त्यातलं काही रक्त जुनं आहे, काही नवं, तो म्हणाला. उद्या सकाळी काढू. आठवण किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही.

"आणि ज्युदो?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे एप्रिलला नाही."

"कधीच नाही, एतोसान. पुन्हा एकदा आपटलं तर मी काही करू शकणार नाही."

बाबा पडद्याकडे वळले. "कतासुद्धा नाही?" ते म्हणाले. "कतात तिला कोणी पाडत नाही. पडतो मी."

डॉक्टरला कता म्हणजे काय हे ठाऊक नसावं. त्याने फक्त मान खाली घातली. आत्याने बाबांच्या पोशाखाची बाही धरली आणि त्यांना बाहेर नेलं, बाबा अजून आखाड्यातल्या कपड्यांतच होते.

आई फॉर्म भरत होती. आजोबा बाहेरच्या बाकावर बसले होते, पाठ अजूनही ताठ, दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन. मी आत ताईजवळ बसले. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, चारेक वाजले असतील. मीच पाडलं हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की सांगितलंय आणि ते अजून आत आहे, गेलेलं नाही.

"कशाने पाडलंस?" तिने विचारलं.

"मांडी आत घालून."

"माझ्याच डावाने? चोर." तिने डोळे मिटून घेतले. ती बघत होती, मला कळलं, आतल्या आत तो डाव लावून बघत होती. "आवाज कसा आला?"

खोटं बोलायला जागा होती. "एकच आला," मी म्हणाले.

"म्हणजे मी हात मारला नाही." तिने डोळे उघडले. "मग चूक माझी. तुझा डाव चांगला होता."

मी रडायला लागले तेव्हा तिने नेहमीसारखी पकड घेतली, उजवा हात माझ्या कॉलरला, सवयीने. माझं डोकं तिच्या खांद्याला लागलं. एका लढतीत अर्जेंटाइन मुलीने तिचं कोपर उलटं वाकवून सांध्यातून काढलं होतं तेव्हाही ताईने हार मानली नव्हती. लढतीत हार मानायची तर समोरच्याला दोनदा थोपटायचं असतं. आमच्या आखाड्यात ताईने कोणाला थोपटल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही, आणि पोरं तिची गोष्ट सांगताना हेच सांगतात.

"इबुकी," ती माझ्या केसांत म्हणाली. "कोणी पाडलं मला?"

मग तिच्या डाव्या हाताने माझ्या दंडावर दोनदा थोपटलं.

थोपटलं की त्याच क्षणी सोडायचं, हा पहिल्या दिवशी शिकवलेला पहिला नियम. माझे हात आपोआप सैल झाले, दोन्ही बाजूंना पडले. पण मी तिला धरलंच नव्हतं, धरलं होतं तिने. ती पुन्हा दोनदा थोपटत होती, आणि पुन्हा दोनदा, आणि माझ्याजवळ सोडण्यासारखं काही उरलं नव्हतं.